पुढे काका, मागे काकू

पेंढारकर काका माणसं मोजायचे. नुसत्या नजरेनं नव्हे. लांब दांड्याच्या छत्रीचं टोक प्रत्येकाच्या खांद्याला हलकेच टेकवून, मोठ्या आवाजात, मराठीत मोजायचे. कॅरीच्या तळ्याकाठी रविवारी सकाळी धावायला आलेले अमेरिकन लोक कानातल्या वायरी काढून आमच्याकडे बघत राहत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या खांद्याला छत्री टेकली आणि काका म्हणाले, "सात. लक्षात ठेव, तू सात. पुढे सहा दिसला पाहिजे, मागे आठ. आठ दिसेनासा झाला की लाज न बाळगता ओरडायचं." ऑफिसात माझ्या हाताखाली तेव्हा नऊ माणसं होती. मला सात नंबर काही आवडला नाही, पण मी निमूटपणे सात झालो.

हे दोन हजार दोनच्या पानगळीतलं. नागपूरहून आम्ही अमेरिकेत कॅरीला येऊन चार महिने झाले होते. माझी बायको सुजाता दिवसभर अपार्टमेंटमध्ये बसून असे. तिला कामाची परवानगी नव्हती आणि एकुलती एक गाडी मी घेऊन जात होतो. इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडताना तिला एक काकू भेटल्या आणि म्हणाल्या, "रविवारी चालायला या. चालणं होतं, मराठी बोलणं होतं आणि शेवटी पोहे असतात." त्या कुमुदकाकू, पेंढारकर काकांच्या पत्नी. आम्ही पोह्यांसाठी गेलो असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे त्या दिवशी घरी आल्यावर सुजाता कित्येक दिवसांनी हसून बोलली, म्हणून गेलो.

चालायची एक पद्धत ठरलेली होती. काका सगळ्यांत पुढे, काकू सगळ्यांत मागे आणि मध्ये आम्ही मंडळी. "मी पहिला, कुमुद शेवटची. आम्हाला मोजायचं नाही. मधले तेवढे मोजायचे," काका सांगत. कुणाचा गुडघा दुखला, कुणाचं मूल रडलं, कुणी फोटो काढत रेंगाळलं, की काकू त्याच्यासोबत रेंगाळत. पोह्यांचा डबा त्यांच्या पिशवीत असे, त्यामुळे त्या पार्किंगमध्ये येईपर्यंत कुणी हलत नसे. काकू आल्या म्हणजे सगळे आले, असा त्याचा सरळ अर्थ होता. इतक्या वर्षांत त्यांना मोजायची वेळच आली नव्हती.

काका मूळचे अमळनेरचे, मातीचे शास्त्रज्ञ. साठच्या दशकात अमेरिकेला येण्याआधी ते दोन वर्षं दक्षिण फ्रान्समध्ये मोंपेलियेला शिकायला होते. तिथली त्यांची घरमालकीण, एक विधवा बाई, दर रविवारी त्यांना पाव, चीज आणि एक कांदा बांधून घेऊन डोंगरात चालायला न्यायची. त्यानंतर काका अमेरिकेत आले, खतांच्या कंपनीत तीस वर्षं नोकरी करून रिटायर झाले, घर बांधलं, पण मन त्या डोंगरातच राहिलं होतं. कुठेही गेले की वाकून चिमूटभर माती उचलायचे, बोटांत चुरायचे, हुंगायचे आणि आमचं लक्ष नाही असं पाहून जिभेलाही लावायचे. काकू म्हणत, "आमटीत मीठ नसलं तर यांना कळत नाही. मातीतलं बरोबर कळतं."

अमेरिकेतल्या पार्कांवर त्यांचा राग होता. आम्ही मोठ्या हौसेनं कुठल्याशा नॅशनल पार्कचे फोटो दाखवले की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "सुंदर आहे, नाही कोण म्हणतं? पण इथं आधी माणसं हाकलली, मग गेट बसवलं आणि मग पाटी लावली. फ्रान्समधल्या पार्कात माणसं राहतात रे. मेंढ्या चारतात, चीज करतात, म्हातारे दारात बाकावर बसतात. आपण त्यांच्या अंगणातून जायचं, बोंझूर म्हणायचं आणि जाताना फाटक लावून घ्यायचं. ज्याला फाटक लावता येत नाही त्यानं माझ्याबरोबर येऊ नये."

कारण दरवर्षी सप्टेंबरात काका बारा माणसं घेऊन फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत चालायला जात. बारा म्हणजे बाराच. दोन भाड्याच्या व्हॅनमध्ये मावतील एवढी. त्याआधी तीन महिने त्यांच्या बेसमेंटमध्ये वर्ग भरे. टेबल टेनिसच्या टेबलावर नकाशे पसरलेले आणि आम्ही, म्हणजे पुण्या-मुंबई-नागपूरचे प्रोजेक्ट मॅनेजर, उंचीच्या रेषा वाचायला शिकतोय. काका बूट तपासत, तळ वाकवून बघत आणि नापास करत. पाणी किती प्यायचं यावर तर त्यांचं अर्ध्या तासाचं भाषण होतं. "तहान लागली म्हणजे उशीर झाला," हे वाक्य आम्ही नकला करून एकमेकांना ऐकवायचो. एका वर्षी एका डॉक्टरांनी चौथ्या वर्गात विचारलं, "पेंढारकर, आयफेल टॉवर कुठल्या दिवशी आहे?" काकांनी शांतपणे यादी काढली, त्यांचं नाव खोडलं आणि म्हणाले, "डॉक्टर, पॅरिस माझ्याशिवाय दिसतं. तिथं बस नेते. तुम्ही दुसरी टूर बघा, राग मानू नका." डॉक्टरांनी राग मानला. काकांना त्याचं काही वाटलं नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो दोन हजार चार साली, ओव्हेर्न्य नावाच्या मुलखात. तिथं विझलेल्या ज्वालामुखींची रांगच्या रांग आहे, वर गवत उगवलेली, शेजारी शेजारी पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखी. एका माथ्यावर सगळे दम खात बसले असताना काकांनी माझ्या तळहातावर मूठभर काळसर माती ठेवली. "वास घे, नागपूरकर. तुझ्या कापसाच्या मातीची ही बहीण. आगीतून आलेल्या दोघी. एक इथं राहिली, एक तिकडे." मला घरची इतकी आठवण आली की मी तोंड फिरवून घेतलं. काकांनी ते बघितलं, पण कुणाला सांगितलं नाही.

त्याच दिवशी कुमुदकाकू सगळ्यांच्या मागे, पाय मुरगळलेल्या एका बाईला हाताशी धरून, दोन तास गप्पा मारत उतरल्या. पंजाबी ड्रेस, पांढरे बूट, डोक्याला रुमाल आणि खांद्यावर ती पिशवी. पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघे. तिथल्या बकरीच्या चीजला चटणी लावून त्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांना खाऊ घालत आणि म्हातारे डोळे पुसत पुसत आणखी मागत. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला कंटाळा येत नाही का सारखं मागे राहायचा?" त्या म्हणाल्या, "अरे, तुमचे काका इथे आले की पंचवीस वर्षांचे होतात. त्यांच्या बरोबरीनं कोण चालणार? आणि पुढच्याला नुसता रस्ता दिसतो. मला माणसं दिसतात."

पुढे जे झालं ते कळायला आमच्या गाड्यांची एक गोष्ट सांगायला हवी. सकाळी जोड्याजोड्यानं बसलेली मंडळी संध्याकाळपर्यंत आपोआप वेगळी होत. पुरुष एका व्हॅनमध्ये, बायका दुसरीत. पुरुषांच्या गाडीत ऑफिस, व्हिसा आणि क्रिकेट. बायकांच्या गाडीत भेंड्या. पुरुषांची गाडी काका चालवत. तिकडच्या व्हॅन गिअरच्या. नागपूरला बाबांच्या जुन्या जीपवर माझा हात बसलेला होता, म्हणून बायकांची गाडी माझ्याकडे आली. काकू बहुतेक वेळा माझ्या गाडीत बसत, पण रस्ता अवघड असला की नकाशा धरायला काकांच्या शेजारी जात. त्या कुठल्या गाडीत आहेत हे कधी कुणी ठरवलेलं नसे.

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात आम्ही टार्न नदीच्या घळीवरच्या पठारावर होतो. झाड म्हणून नाही. पिवळं गवत, पांढरे दगड, मेंढ्या आणि डोक्यावर गिधाडं. जिकडेतिकडे चुनखडी खचून पडलेले खड्डे. ही गिधाडं इथून नाहीशी झाली होती, लोकांनी बाहेरून आणून पुन्हा वाढवली, हे काका किती अभिमानानं सांगत होते, जणू त्यांनी स्वतःच आणली. "आपल्याकडची मरत चाललीत आणि कुणाला पत्ता नाही," असंही म्हणाले. दुपारी चारच्या सुमारास धुकं आलं. सगळं दिसत असताना आलं आणि दहा मिनिटांत पुढच्या माणसाची पाठ दिसेना. काकांनी वेळ न घालवता आम्हाला खाली आणलं, दगडावरच्या रंगाच्या खुणा हातानं चाचपत. सगळे भिजलेले, गारठलेले. खाणं मुक्कामाला पोचल्यावरच काढायचं, आधी गाड्या खाली दरीत न्यायच्या, असं ते वाटेतच ओरडून सांगत होते.

सगळ्यांत मागे सुजाता होती, आमच्या तीन वर्षांच्या ईराला पाठीवर घेऊन, आणि तिच्यामागे काकू. पार्किंग पाच मिनिटांवर असताना काकू सुजाताला म्हणाल्या, "तू पोरीला घेऊन हो पुढे, मी आलेच." त्यांना आडोशाला जायचं होतं. सुजाताला ते कळलं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही. अशा गोष्टी आपल्याकडे बायका बायकांतसुद्धा पूर्ण वाक्यात बोलत नाहीत. ती गाडीत आली, ईराचे ओले कपडे बदलत बसली. काकू मागोमाग आल्या असतील आणि धुकं आहे म्हणून नकाशा धरायला काकांच्या गाडीत गेल्या असतील, असं तिनं धरून चाललं.

काकांनी छत्रीनं खांदे मोजले. ईरा धरून बारा भरले. मग त्यांनी आपली व्हॅन वळवून माझ्या शेजारी आणली, काच खाली केली आणि विचारलं, "मिलिंद, कुमुद तुझ्याकडे ना रे?"

मी पुढची काच फडक्यानं पुसत होतो. मागे भेंड्या सुरू झाल्या होत्या. मी म्हणालो, "हो काका."

मी वळून बघितलं नव्हतं. खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही. मोठ्या माणसानं काही विचारलं की आधी 'हो' म्हणायचं आणि मग बघायचं, ही आपली लहानपणापासूनची सवय. औषध घेतलं का, हो. पत्र टाकलं का, हो. मग उठून टाकायचं. मीही बघणारच होतो. पण काका पुढे निघाले, त्यांचे मागचे दिवे धुक्यात दिसेनासे व्हायच्या आत मला निघायला हवं होतं, उतारावर गिअर अडकला, आणि बघायचं राहून गेलं.

पन्नास मिनिटांनी आम्ही खाली दरीतल्या शेतघरात पोचलो, जिथं आमचा मुक्काम होता. पाऊस लागला होता. काका उतरून माझ्या गाडीच्या सरकत्या दाराशी छत्री उघडून उभे राहिले, काकूंसाठी. बायका एकेक करून छत्रीखालून वाकून घराकडे पळाल्या. शेवटची उतरली तरी काका छत्री धरून उभेच. मग त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी म्हणालो, "काका, मी बघितलं नव्हतं." त्यांनी छत्री मिटली आणि पुन्हा गाडीत जाऊन बसले.

धुकं दुसऱ्या दिवशी अकराला उठलं. तोवर तिथले पोलीस, कुत्रे घेऊन आलेले शेतकरी आणि आम्ही हाका मारत होतो. काकू पार्किंगपासून तीनशे पावलांवर एका खड्ड्यात सापडल्या. डोक्याला मार होता आणि अंग गार पडलेलं होतं. त्यांची पिशवी पार्किंगच्या दगडी कठड्यावर नीट ठेवलेली होती. म्हणजे त्या तिथपर्यंत येऊन पोचल्या होत्या, बसल्या होत्या आणि मग उठून परत वर गेल्या होत्या. का गेल्या हे कुणालाच कळणार नाही. काका मात्र ठामपणे सांगत, "तिला वाटलं आम्ही अजून वरच आहोत. धुक्यात गाड्या दिसल्या नसतील, पण त्या निघून गेल्यात हे तिच्या मनातसुद्धा येणार नाही. ती आल्याशिवाय कधी कुणी निघालंच नव्हतं."

दुपारी गावातल्या पोलीस चौकीत जबान्या झाल्या. अधिकारी तरुण होता, सभ्य होता, पण इंग्रजी त्याला नीट येत नव्हतं आणि आमच्यापैकी फ्रेंच फक्त काकांना येत होतं. म्हणून स्वतःच्या बायकोच्या मृत्यूच्या जबान्यांचं भाषांतर काकांनीच केलं. माझी पाळी आली. मी मराठीत म्हणालो, "काका, त्याला सांगा. तुम्ही मला विचारलंत आणि मी न बघता हो म्हणालो." काका थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्याच्याकडे वळून सावकाश फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाले. अधिकाऱ्यानं पेन थांबवलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा एकदा विचारलं. काका म्हणाले, "वी," म्हणजे हो. त्यानं लिहून घेतलं आणि मी सही केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंत तुम्ही?"

"सांगितलं, मी कुणालाच विचारलं नाही. बारा मोजले आणि निघालो."

"पण काका, हे खरं नाही."

"तुझं ग्रीन कार्ड व्हायचंय. पोरगी तीन वर्षांची आहे. परक्या देशात पोलिसांच्या कागदावर असलं काही नको. आता गप्प बस, आणि कुणाला सांगायचं नाही."

मी गप्प बसलो. मला त्या क्षणी हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते हायसंच होतं. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काकांनी सगळ्यांना तेच सांगितलं, आवाज चढवून, कुणाला शंका राहू नये असं. गाडीतल्या बायका गात होत्या, काकांच्या गाडीतले पुरुष बोलण्यात होते. माझं 'हो' कुणीच ऐकलं नव्हतं.

काकांची एकुलती एक मुलगी अंजली देशाच्या दुसऱ्या टोकाला, चँडलरला असते, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. ती कॅरीला आली. दहाव्या-बाराव्याचे विधी झाले, घर माणसांनी भरलेलं होतं आणि मी कॉफीचा ट्रे घेऊन फिरत होतो. अंजली काकांसमोर उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "यू काउंटेड एव्हरीबडी, बाबा. एव्हरीबडी बट आई."

काकांनी चष्मा काढून हातात घेतला.

"तुम्ही एकदा विचारलं पण नाही? कुमुद कुठे आहे म्हणून? वन्स?"

"नाही विचारलं," काका म्हणाले.

मी पाच फुटांवर होतो. ट्रे हातात होता, तोंड मोकळं होतं. काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी पुढच्या माणसाला कॉफी दिली. अंजली दुसऱ्या दिवशी परत गेली आणि त्यानंतर ती वडिलांशी बोलली नाही. फोन नाही, दिवाळीला नाही, काही नाही.

कॅरीच्या मराठी मंडळींनी काकांना वाळीत वगैरे टाकलं नाही. सुशिक्षित माणसं तसं करत नाहीत. फक्त रविवारी कुणाच्या मुलाचा सॉकर निघाला, कुणाकडे पाहुणे आले आणि दोन महिन्यांत तळ्याकाठी काका आणि मी उरलो. पार्ट्यांमध्ये त्यांच्याबद्दल "बायकोला विसरून आला यार" असं बोललं जाई. मी ते ऐके आणि प्लेटमध्ये भात वाढून घेई. सुजाताला मी सांगितलं नव्हतं. तिला स्वतःचीच टोचणी लागली होती, मी त्यांना सोडून पुढे का आले म्हणून. माझ्या एका वाक्यानं तिचं निम्मं ओझं उतरलं असतं, तेही मी उतरवलं नाही.

काका आता मला पुढे घालत आणि स्वतः मागे चालत. छत्री आणत नसत. मातीला हात लावत नसत. एकदा बरंच अंतर गेल्यावर मागून म्हणाले, "मिलिंद, मागून चाललं की कळतं. पुढच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चाळीस वर्षं मी पुढे जाऊन गिधाडं आणि माती समजावून सांगत होतो आणि तिला त्यातला एक शब्द ऐकू येत नसणार." मी थांबलो, पण त्यांनी हातानं चाल म्हणून खूण केली.

मी अंजलीला सांगतो, असं मी त्यांना तीन-चारदा म्हणालो. दर वेळी ते अडवत. "काय सांगशील? तुझ्यावर चिडली तर वकील गाठेल, तुझं सगळं अडकेल. बापावरचा राग आज ना उद्या ओसरतो. तुझं कार्ड येऊ दे, मग बघू." मला अडवून घ्यायचंच होतं, म्हणून मी त्यांना विचारायला जात होतो, हे त्यांना कळत असणारच. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये आमची ग्रीन कार्डं आली. मी पेढे घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी पेढा खाल्ला, ईराची शाळा विचारली, सुजाताच्या नोकरीचं विचारलं. मी वाट बघत होतो की ते विषय काढतील. ते वाट बघत होते की मी काढीन. निघताना दारापर्यंत आले, हात माझ्या पाठीवर ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं. एक काळजी गेली." मी गाडीत बसून घरी आलो. त्यानंतर सहा महिने मी दर रविवारी त्यांच्यापुढे चाललो आणि चँडलरला फोन केला नाही. काही कारण उरलेलं नव्हतं. मी भित्रा होतो, एवढंच.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी काका तळ्यावर आले नाहीत. त्यांची एक किल्ली माझ्याकडे असे. ते सोफ्यावर बसलेले होते, आंघोळ करून, स्वेटर घालून. एका बुटाची नाडी बांधून झालेली होती, दुसऱ्याची तशीच लोंबत होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, कळलंही नसेल. अंजलीला फोन मी केला.

ती आली, सगळं केलं, रडली नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी तिला मदत करायला गेलो. स्वयंपाकघरात ती खोक्यांमध्ये भांडी भरत होती. म्हणाली, "दर रविवारी त्यांचा मेसेज असायचा, मशीनवर. कॅरीचं हवामान सांगायचे. मी फोन कधीच उचलला नाही." मग भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळे म्हणतात ना, माफ करायला हवं होतं. पण हाऊ डू यू नॉट आस्क, मिलिंद? स्वतःच्या बायकोबद्दल एकदा विचारत पण नाही माणूस?"

तेव्हा मी सांगितलं. काच खाली केलेली, फडकं, भेंड्या, माझं 'हो', चौकीतलं भाषांतर, पेढे, सगळं. मला वाटलं ती हातातलं पातेलं फेकून मारेल. निदान विचारेल की तू बघितलं का नाहीस. तिनं माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही.

"बाबांनी विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"आईचं नाव घेऊन?"

"हो. म्हणाले, मिलिंद, कुमुद तुझ्याकडे ना रे?"

"परत सांग."

मी परत सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग ती खोक्यांमध्ये खाली फरशीवर बसली आणि गेल्या चार दिवसांत न रडलेलं सगळं रडली. मी जवळ जायला लागलो तेव्हा तिनं हात वर केला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "प्लीज घरी जा."

काकांनी मला पोलिसांपासून वाचवलं, एवढंच मी दोन वर्षं समजत होतो. निघताना गाडी धुक्यात वळवून त्यांनी बायकोची चौकशी केली होती. त्यांच्या बाजूनं बोलणारी तेवढी एकच गोष्ट जगात होती आणि ती त्यांनी मला देऊन टाकली. घरी येऊन मी सुजाताला सांगितलं. मग त्या दोन गाड्यांमधल्या एकेकाला फोन केला. कुणी गप्प राहिलं, कुणी "जाऊ दे यार, आता काय उपयोग," म्हणालं.

अंजली माझ्याशी बोलत नाही. तिनं बोलावं असं मी कुणाकरवी सुचवतही नाही. ते न बोलणं दोन वर्षं चुकीच्या माणसानं सोसलं.